'दोषमुक्त' आणि 'निर्दोष मुक्त' एकच का?

प्रश्न : एकाच खटल्याच्या बातमीत एके ठिकाणी 'दोषमुक्त', दुसरीकडे 'निर्दोष मुक्तता' आणि तिसरीकडे नुसतं 'सुटका' असं वाचलं. तिन्हींचा अर्थ एकच धरायचा का?

उत्तर : नाही. आणि या फरकावर माणसाचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'दोषमुक्ती' हा मराठी कोर्टबातम्यांत डिस्चार्जसाठी रुळलेला शब्द. आरोपपत्र दाखल झालं, पण त्यातले कागद पाहूनच न्यायाधीशांना वाटलं की खटला चालवण्याइतकंही यात काही नाही, तर आरोपी दोषमुक्त. एकही साक्षीदार पिंजऱ्यात आलेला नसतो. 'निर्दोष मुक्तता' ही पुढची पायरी. साक्षी, उलटतपास, युक्तिवाद सगळं झालं आणि गुन्हा शाबित झाला नाही, तर ती.

परवा एका अशिलाने मोबाइलवरची बातमी पुढे केली. "साहेब, हा दोषमुक्त झाला. आता याला परत कुणी हात लावणार नाही ना?" घोटाळा इथेच होतो. निर्दोष ठरलेल्या माणसावर, तो निकाल कायम असेपर्यंत, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. हे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३३७ मध्ये आहे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात साफ म्हटलंय की डिस्चार्ज म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. त्यामुळे दोषमुक्त झालेल्याला ही ढाल मिळत नाही.

१ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली. सत्र खटल्यात, प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून साठ दिवसांत दोषमुक्तीचा अर्ज करावा, असं कलम २५० सांगतं. जुन्या संहितेच्या कलम २२७ मध्ये अशी मुदत नव्हती. शब्द नीट कळला नाही आणि 'निकालाच्या वेळी बघू' म्हणत कुणी थांबला, तर अर्जाची वेळ निघून जाते.

प्रश्न : मग हिंदीत 'दोषमुक्ति' निर्दोष सुटल्यावर का म्हणतात?

उत्तर : हिंदी कायद्यात अ‍ॅक्विटलला, म्हणजे निर्दोष मुक्ततेला, 'दोषमुक्ति' आणि डिस्चार्जला 'उन्मोचन' आहे. हिंदीतली बातमी घाईत मराठीत आणली की 'दोषमुक्ति'ची 'दोषमुक्ती' होते आणि अर्थ उलटतो. म्हणून डिस्चार्जला 'आरोपमुक्त' म्हणावं असं माझं ठाम मत आहे. काहींचा आक्षेप असतो की न्यायालयात आरोपनिश्चितीच झाली नाही, तर मुक्ती कशातून? आरोपपत्रातल्या आरोपातून. दोष आहे की नाही याचा विचार तर तिथे सुरूही झालेला नसतो.

'पुराव्याअभावी सुटका' हा शब्दप्रयोग मला फार खटकतो. वाचणाऱ्याच्या मनात 'केलं असेल, पण सापडला नाही' एवढंच उरतं. कायद्यात निर्दोष म्हणजे निर्दोष. उलट, २००७ च्या चंद्रप्पा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निर्दोष ठरल्यावर निरपराधित्वाचं गृहीतक दुप्पट बळकट होतं.

हे खरं, पण नोकरीच्या प्रश्नात मात्र 'ससन्मान मुक्तता', म्हणजे नुसत्या संशयाच्या फायद्यावर नव्हे तर आरोप पूर्ण फोल ठरल्याने झालेली मुक्तता, असा वेगळा प्रकार निकालांत येतो. संहितेत हा शब्द कुठेच नाही, तो न्यायालयांनी घडवला, हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये समुथिरम या पोलीस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात नोंदवलं. नुसतं निर्दोष सुटल्याने खात्यात परत घेतलंच पाहिजे असं नाही, असंही त्यात ठरलं. म्हणून नोकरी परत मागणाऱ्याच्या निकालपत्रात 'संशयाचा फायदा देऊन' हे तीन शब्द आहेत का, ते आधी शोधावं लागतं.

राहिला 'सुटका'. तो तुरुंगाच्या दाराशी संबंधित शब्द आहे. जामिनावर होते ती सुटका, शिक्षा भोगून झाली की होते तीही सुटका. एका खटल्यात निर्दोष ठरलेला माणूस दुसऱ्या खटल्यासाठी आतच असतो, तेव्हा त्याची मुक्तता झालेली असते, सुटका नाही.