डेव्हलपर टूल सिस्टिमभर टाकायचं की आपल्या खात्यापुरतं?

आडवाट
कमांड लाइनवरचं नवं टूल घ्या, त्याची रीडमी उघडा. इन्स्टॉलची ओळ बऱ्याचदा सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या शब्दाने, सुरू होते आणि लोक ती डोळे झाकून टर्मिनलमध्ये चिकटवतात. ही सवय मोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे. टूल कुठल्याही फोल्डरमधून चालावं एवढीच आपली गरज असते आणि तिच्यासाठी रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) लागत नाही. शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) पाथमधले, म्हणजे ठरवून दिलेल्या यादीतले, फोल्डर डावीकडून उजवीकडे धुंडाळतं आणि पहिली सापडेल ती फाइल चालवतं. होममधलं, म्हणजे आपल्या खात्याच्या फोल्डरमधलं, डॉट-लोकल-बिन त्या यादीत असलं की झालं काम.

सुडोचा धोका काल्पनिक नाही. एनपीएमच्या (जावास्क्रिप्टची पॅकेज टाकणारं टूल) पॅकेजमध्ये इन्स्टॉल होतानाच धावणारी स्क्रिप्ट असू शकते. ऑक्टोबर २०२१मध्ये यूए-पार्सर-जेएस या भरपूर वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या काही आवृत्त्यांत अशीच स्क्रिप्ट घुसवली होती आणि ती गुपचूप क्रिप्टोमायनर (आपल्या मशीनवर दुसऱ्यासाठी क्रिप्टोचलन कमावणारा प्रोग्रॅम) उतरवून घ्यायची. कुणाचा वाईट हेतू नसतानाही घात होतो. फेब्रुवारी २०१८मध्ये आलेलं एनपीएम ५.७.० सुडोने चालवलं की ईटीसी, यूएसआर, बूट अशा सिस्टिमच्या फोल्डरांची मालकीच बदलून बसायचं. ५.७.१मध्ये ते दुरुस्त झालं, पण तोवर ज्यांच्या मशीन आडव्या झाल्या त्यांचं काय?

सर्व्हररक्षक
तुमचं म्हणणं एकट्याच्या लॅपटॉपपुरतं ठीक आहे. मी ज्या मशीन सांभाळतो त्यांवर अनेकांची खाती आहेत. प्रत्येकाने आपापल्या होममध्ये टूल टाकलं, तर एकाच टूलच्या जितकी खाती तितक्या आवृत्त्या होतात. त्यात सुरक्षेची दुरुस्ती आली की मी कुणाकुणाच्या होममध्ये शिरू? यूएसआर-लोकल-बिन हा फोल्डर याच कामासाठी आहे. डिस्ट्रोचं (डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्सचं) पॅकेज मॅनेजर त्याला हात लावत नाही आणि अ‍ॅडमिनने स्वतः आणलेली टूल्स तिथे सुखाने नांदतात. एकदा टाकलं की सगळ्यांना तेच मिळतं.

शिवाय होममधलं टूल सुडोसोबत चालवून बघा. 'कमांड नॉट फाउंड' येईल, कारण डेबियन, उबुंटूवर सुडो स्वतःचा ठरावीक पाथ वापरतो. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचीही तीच रड.

आडवाट
क्रॉनचं उदाहरण तुमच्या बाजूने जात नाही. डेबियनवर खात्याच्या क्रॉनटॅबला (क्रॉनच्या कामांच्या यादीला) मुळात यूएसआर-बिन आणि बिन एवढाच पाथ मिळतो, यूएसआर-लोकल-बिनसुद्धा त्यात नसतं. म्हणजे टूल सिस्टिमभर टाकूनही क्रॉनमध्ये पूर्ण पाथ लिहावाच लागतो. आणि तो लिहायचाच आहे तर होममधला लिहिला म्हणून काय बिघडलं?

सामायिक सर्व्हरवर अ‍ॅडमिनने विचार करून, आवृत्ती ठरवून टूल ठेवलं, तर माझी हरकत नाही. माझा रोख आहे तो लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) लागला की सुडो, फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारं टूल) लागला की सुडो, या वृत्तीवर.

रातकिडा
आडवाट, तुमचा सुरक्षेचा मुद्दा मला अर्धाच वाटतो. माझ्या लॅपटॉपवर मौल्यवान काय आहे? दुसऱ्या मशीनवर शिरायच्या एसएसएचच्या चाव्या, ब्राउझरमधली लॉगिन, क्लाउडचे टोकन. हे सगळं होममध्येच आहे आणि ते चोरायला रूट लागतच नाही. सुडो टाळून मी वाचवलं काय, तर पुन्हा टाकता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम!

उलट तुमच्या उपायाने एक नवं दार उघडतं. होममधलं बिन पाथमध्ये सगळ्यात आधी असेल, तर माझ्या खात्यात शिरलेला कुठलाही प्रोग्रॅम तिथे 'सुडो' नावाची फाइल ठेवू शकतो. पुढच्या वेळी मी पासवर्ड टाकतो तो त्या नकली फाइलला. यूएसआर-लोकल-बिनमध्ये लिहायला रूट लागतो, आणि म्हणूनच ती जागा मला जास्त भरवशाची वाटते.

आडवाट
नकली सुडोचा धोका खरा आहे, नाकारत नाही. पण तितका शिरकाव झाला असेल तर तोच प्रोग्रॅम माझ्या बॅशआरसीमध्येही (बॅश शेल सुरू होताना वाचतो ती फाइल) सुडो नावाचं फंक्शन टाकू शकतो आणि ते पाथच्याही आधी चालतं. टूल कुठे ठेवलं याने तो हल्ला थांबत नाही.

कोडकरी
पायथनची बाजू कुणीच मांडली नाही. तिथे हा वाद डिस्ट्रोवाल्यांनीच निकालात काढला आहे. उबुंटू, डेबियनची स्वतःची कितीतरी कामं सिस्टिमच्या पायथनवर चालतात. सुडो पिपने (पिप म्हणजे पायथनची पॅकेज टाकणारं टूल) त्यातलं एखादं लायब्ररी पॅकेज वर-खाली झालं की दुसरंच काहीतरी मोडतं आणि दोष कुठे आहे ते चटकन कळत नाही. म्हणून पेप ६६८ हा पायथनचा नियम आला आणि २०२३च्या डेबियन १२पासून पिप 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून सरळ नकार देतं. लोक त्यावरही 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय जोडून पुढे जातात. पर्यायाच्या नावातच धोका लिहिलाय, तरीही! पिपएक्स वापरा. प्रत्येक टूलला स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांचा वेगळा कप्पा) मिळतं आणि कमांडचा दुवा डॉट-लोकल-बिनमध्ये येतो.

नवशिकी
मी मधला मार्ग काढला होता. टूल माझ्या होममध्ये आणि यूएसआर-लोकल-बिनमध्ये फक्त त्याची सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारा दुवा). मला चालतं, टीममधल्या दुसऱ्या खात्यावर मात्र 'परमिशन डिनाइड' येतं. लिंकच्या परवानग्या तर सगळ्यांना खुल्या दिसतात.

सर्व्हररक्षक
लिंकच्या परवानग्या बघू नका, ती जिथे नेते तिथल्या बघा. उबुंटू २१.०४पासून नव्या खात्याचं होम ७५० परवानगीने बनतं, म्हणजे इतरांना आत पाऊलच ठेवता येत नाही. त्यावर होम ७५५ करू नका, सगळं उघडं पडेल. टूल सिस्टिमच्या ऑप्ट फोल्डरमध्ये, स्वतंत्र जागी ठेवा, मालकी रूटची असू द्या, आणि लिंक तिथे वळवा. युमास्क (नव्या फाइलींच्या कुठल्या परवानग्या काढायच्या ते ठरवणारी सेटिंग) ०७७ असेल तर तो आधी ०२२ करा, नाहीतर सुडोने टाकलेल्या फाइलीही इतरांना वाचता येणार नाहीत. दुसऱ्याच्या चालू टर्मिनलमध्ये बॅश जुनीच जागा धरून बसला असेल तर ती आठवण पुसणारी 'हॅश -आर' कमांड द्यायला सांगा.

आडवाट, हे सगळं मी एकदाच करतो आणि सगळ्यांचं भागतं. तुमच्या पद्धतीत हेच प्रत्येकाला शिकवत बसावं लागेल.

आडवाट
नवशिकी, ते टूल नेमकं कुठलं? जेक्यू किंवा रिपग्रेपसारखं, कुठल्या एका प्रोजेक्टशी न जोडलेलं असेल तर सर्व्हररक्षक म्हणतात तसंच करा, किंवा सरळ एपीटीतून, म्हणजे डिस्ट्रोच्या पॅकेज मॅनेजरमधून घ्या. पण प्रोजेक्टचा फॉरमॅटर असेल तर या खटाटोपात पडूच नका. सिस्टिमभर एकच आवृत्ती ठेवली की जुना प्रोजेक्ट तिच्यामागे फरफटतो. एक ओळ बदलून कमिट करायला जावं, तर नव्या फॉरमॅटरने सगळी फाइल पुन्हा मांडून ठेवलेली असते. तो पॅकेज-जेसनमध्ये (प्रोजेक्टच्या पॅकेजांची यादी) डेव्ह डिपेंडन्सी म्हणून टाका, नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉकफाइल कमिट करा, प्रोजेक्टमधलं टूल चालवणाऱ्या एनपीएक्सने चालवा. मग तुमच्या खात्यावर, दुसऱ्याच्या खात्यावर आणि सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) तीच आवृत्ती धावेल.

नवशिकी
ईएसलिंट आहे, जावास्क्रिप्टचा लिंटर. दोन प्रोजेक्ट आहेत, एक आवृत्ती ८वर आणि एक ९वर.

सर्व्हररक्षक
मग प्रोजेक्टमध्येच ठेवा. नऊमध्ये कॉन्फिगची मूळ पद्धतच बदलली आहे. सर्व्हरवर एक टाकलं तर दुसरा प्रोजेक्ट अडणार. जावास्क्रिप्ट चालवणारं नोड मात्र मी सिस्टिमभरच ठेवणार, त्यावर माझं मत बदललेलं नाही.

आडवाट
नोडसाठी तर एनव्हीएम आहे, खात्यापुरत्या हव्या त्या आवृत्त्या ठेवणारं! त्यावर वेगळा धागा काढतो.