खाण आधी की घर आधी? कालच्या पोस्टला उत्तर

उपनगरी
काल इथं एका महाशयांनी लिहिलं, "खाण चाळीस वर्षांपूर्वीची, घरं परवाची. प्लॉट घेताना डोळे मिटलेले होते काय?" खाली लगेच अंगठ्यांची रांग. रात्रीच उत्तर लिहायला बसलो होतो, मग म्हटलं जाऊ दे. सकाळी सुरुंगानं खिडक्या वाजल्या आणि जाऊ द्यायचा विचार गेला.

माझं घर २०१४ चं. खडी मशीन त्याआधीचं, कबूल. पण तेव्हा तिथं एक लहान खण होती, दोन कॉम्प्रेसरचे ट्रॅक्टर आणि पाट्यांनी खडी भरणाऱ्या बायका. आज ज्या कोपऱ्यात बोअर मारतात तिथं तेव्हा भुईमूग होता. त्या शेतातल्या शेंगा मी खाल्ल्यात. मग आधी कोण आलं? मी घर हलवलेलं नाही, खण माझ्याकडे सरकत आलीय.

आणि नियमांचं ऐका. मशीनला कर्नाटकचा २०११ चा क्रशर कायदा, त्यात 'सेफर झोन' म्हणजे क्रशरसाठी ठरवून दिलेली जागा, परवाना देणाऱ्या प्राधिकरणावर जिल्हाधिकारी. खाणीचा पट्टा, म्हणजे लीज, मात्र १९९४ च्या गौण खनिज नियमांखाली, खाण खात्याकडे. घराचा नकाशा बुडाकडे, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाकडे, नाहीतर पंचायतीकडे. मशीन लांब ठेवलं तरी खणीचं तोंड दाराशी येऊ शकतं आणि सगळे म्हणणार, आमचा कागद बरोबर आहे. आईच्या खोकल्याचा कागद कुठल्या टेबलावर द्यायचा ते सांगा.

खडीवाला_अण्णा
ते महाशय मीच. लपलो नव्हतो.

माझे वडील छिन्नी-हातोड्यानं दगड फोडायचे. आमच्या अंगणात पाटे, वरवंटे, जोत्याचे दगड पडलेले असायचे. तेव्हा त्या टेकडीला कुणी विचारत नव्हतं. मग रस्ता झाला, एजंट आले, शेतात चुन्याच्या रेघा मारल्या आणि "सिटीपासून दहा मिनिटं" म्हणून प्लॉट विकले. जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली बिनशेती केलेली नाही, ले-आउट मंजूर नाही. उपनगरीसाहेब, तुमचा उतारा नमुना ११-ब चा, म्हणजे नियमित नसलेल्या प्लॉटचा, आहे की नाही? खरं सांगा.

मशीनला घरापासून लांब राहायचा नियम आहे. घराला मशीनपासून लांब राहायचा नियम दाखवा. मी कायद्याप्रमाणे मशीन लावायचं, तुम्ही दहा वर्षांनी येऊन शेजारी बांधायचं, आणि मग बेकायदा कोण, तर मी! बरं, तुमच्या स्लॅबची खडी काय मुंबईहून आली? नदीची वाळू मिळेना झाल्यापासून गिलाव्यालासुद्धा आमचीच एम-सँड, दगड दळून केलेली वाळू, लागते.

उपनगरी
११-ब आहे. लपवत नाही. पंचायत घरपट्टी घेते तेव्हा मी कायदेशीर असतो, तक्रार केली की बेकायदा.

वेशीवरचा
तुम्ही दोघं मुद्द्याचं सोडून काय बोलूलासा? नोटीस कुठल्या भाषेत लागली ते विचारा की. आमच्या गावात पट्ट्याची नोटीस चावडीवर लागली, सगळी कन्नडमध्ये. गावात म्हाताऱ्यांना कन्नड वाचता येत नाही. हरकतीची मुदत संपल्यावर शाळेतल्या पोरानं वाचून दाखवली. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असले तर नोटिसा त्यांच्या भाषेतही द्यायच्या, असं केंद्रानं मान्य केलेलं आहे. इथं ते कोण पाळतंय?

निपाणीचा_पाहुणा
झालं! आता खडी बाजूला आणि १९५६ चा सीमाप्रश्न सुरू.

वेशीवरचा
१९५६ का नको? महाराष्ट्राचा ८६५ गावांचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय. महाराष्ट्रात असतो तर निदान हरकत तरी आपल्या भाषेत लिहिली असती.

खडीवाला_अण्णा
आणि धूळ मराठीत उडाली असती.

निपाणीचा_पाहुणा
पलीकडं चंदगडला जाऊन या एकदा. बॉक्साइट खाणीच्या लाल रस्त्यावर मराठी फलक आहेत, सगळं वाचता येतंय, आणि खाली भात लाल. माझी आत्या तिकडं असते. तिला भाषेचा काही उपयोग झालेला मी बघितलेला नाही. कोल्हापुरात जुन्या इराणी खणीत गणपती सोडतात, एवढाच खाणीचा सदुपयोग आमच्या भागात. प्रत्येक गोष्ट सीमाप्रश्नाला नेऊन बांधायची सवय आता सोडा.

वेशीवरचा
तुम्हाला निपाणीत बसून सवय वाटते. माझ्या वडिलांनी त्या सवयीपायी लाठ्या खाल्ल्यात. तोंड सांभाळून.

निपाणीचा_पाहुणा
माझ्या आजोबांनीही खाल्ल्या, आणि ते दर चर्चेत सांगत नव्हते.

खानापूरची_सून
भांडण आटोपलं असेल तर एक विचारू? खणीचं काम बंद झाल्यावर खड्ड्याचं काय? आमच्याकडं पाऊस कसला असतो माहीत आहे. जूनमध्ये खण तुडुंब भरते, ना कुंपण, ना फलक, कन्नड नाही, मराठी नाही. माझा दीर चौथीत असताना म्हशी धुवायला गेला तो परत आला नाही. सासूबाई अजून त्या वाटेनं जात नाहीत, लांबून वळसा घालतात. तुमच्या कागदात त्या वळशाचं अंतर आहे काय?

वेशीवरचा
वहिनी, माफ करा.

रिटायर्ड_ओव्हरसीयर
मीटरवर या आता. २०२० ला हरित लवादानं केरळच्या प्रकरणात सांगितलं, सुरुंग असेल तर वस्तीपासून २००, नसेल तर १०० मीटर. त्यावरही कोर्टकचेरी झालीच. पण नुसत्या मीटरनं भागत नाही. हादऱ्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक आहे. साध्या घरांना कंपनाचा वेग किती चालेल ते कंपनाच्या वारंवारितेवर ठरतं. सगळ्यात मंद, म्हणजे कमी वारंवारितेच्या, लाटेला सेकंदाला ५ मिलिमीटर, जलद लाटेला १५ पर्यंत. कातळात कंप जलद, भरावात मंद. म्हणजे तोच सुरुंग कातळावरच्या घराला चालेल आणि मातीच्या भरावावरच्या घराला तडे देईल. उपनगरी, तुमचा पाया कशावर आहे?

उपनगरी
भरावावर. एजंटनं ओढा बुजवून प्लॉट पाडले होते. हसा आता.

रिटायर्ड_ओव्हरसीयर
हसत नाही. पण सगळे तडे सुरुंगाचे नसतात. भराव खचला तरी कोपऱ्यातून तिरके जातात. आधी यंत्र लावून मोजा.

खडीवाला_अण्णा
बघा! आणि शिव्या आम्हाला.

रिटायर्ड_ओव्हरसीयर
अण्णा, तुम्हीही गप्प बसा जरा. २१ जानेवारी २०२१, शिवमोग्ग्याजवळ हुणसोडूला जिलेटिनच्या, म्हणजे सुरुंगाच्या स्फोटकांच्या, गाडीचा स्फोट झाला. लोकांना वाटलं भूकंप. महिन्याभरानंतर चिक्कबळ्ळापूरला तेच. दोन्हीकडे माणसं गेली, आणि दोन्हीकडे खडीचाच धंदा होता. तुमचा माल कुठं ठेवता? सुरुंगाआधी भोंगा वाजवता काय? काल सकाळी वाजला होता?

खडीवाला_अण्णा
भोंगा बिघडलाय.

उपनगरी
केव्हापासून?

खडीवाला_अण्णा
दिवाळीपासून. ठीक आहे, हे माझं चुकलं. वेळेचंही बघतो, पोरं परस्पर उडवतात. पण पाणी मारत नाही म्हणू नका, टँकर रोज फिरतो.

उपनगरी
टँकर फिरतो, पाणी कुठं पडतं ते देवाला माहीत. पण तुमचं एक मान्य. माझ्यानंतर खणीच्या बाजूला अजून वीस-पंचवीस घरं झाली. एकानंही मला येऊन विचारलं नाही, मीही सांगायला गेलो नाही. प्लॉटचा भाव पडेल म्हणून. लिहिताना बरं वाटत नाहीय.

खानापूरची_सून
कुंपणाचं कुणीच बोललं नाही.

खडीवाला_अण्णा
ताई, माझी जुनी खण देवळामागं आहे. तार घालतो. पावसाआधी.

वेशीवरचा
नोटिशीचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. अर्ज मराठीत लिहून देतो, कन्नडमध्ये कुणी करून द्यायचं ते बघा.

निपाणीचा_पाहुणा
द्या इकडं. माझी शाळा कन्नड माध्यमाची.

रिटायर्ड_ओव्हरसीयर
रविवारी टेप घेऊन येतो. अंतर मशीनपासून नाही, पट्ट्याच्या हद्दीच्या दगडापासून धरायचं. अण्णा, दगड जागेवर आहे ना?

खडीवाला_अण्णा
असायला पाहिजे.

उपनगरी
"असायला पाहिजे" म्हणजे? आणि रविवारी नको, भावकीत बारसं आहे. सोमवारी या.