शब्दचर्चा: ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय बंद पडलं?

शब्दखुणा

‘सर्व्हर डाऊन’ हा शब्दप्रयोग मराठीत पुरता रुळला आहे. रेशनचं मशीन अंगठा घेत नाही, सर्व्हर डाऊन. सातबारा उघडत नाही, सर्व्हर डाऊन. निकालाच्या दिवशी पान उघडेना, ओटीपी येईना, पैसे जाईनात, सर्व्हर डाऊन. बातम्यांतही तेच. १९ जुलै २०२४ला विमानतळांवर रांगा लागल्या, १२ एप्रिल २०२५ला यूपीआय अडलं, १८ नोव्हेंबर २०२५ला एक्स आणि चॅटजीपीटी उघडेनात. तिन्ही वेळा टीव्हीच्या पट्टीवर हेच दोन शब्द फिरले.

या दोन शब्दांचा मराठीतला अर्थ काय धरायचा, आणि नेमकं सांगायचं असेल तर काय म्हणायचं? शुद्ध प्रतिशब्दाची मागणी नाही. ‘सेवासंगणक निष्क्रिय’ असलं काही सुचवू नका, ते कोणाच्या तोंडात बसणार नाही.

नेटवर्कवाला

ज्या यंत्रावर सेवा चालते ते यंत्र, किंवा त्यावरचा प्रोग्रॅम, उत्तर देत नाही. तांत्रिक अर्थ एवढाच. तो लावून पाहिला तर गाजलेल्या घटनांपैकी बऱ्याच त्यात बसतच नाहीत.

४ ऑक्टोबर २०२१चं उदाहरण घ्या. भारतात रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम एकदम गेलं ते सहाएक तास. सर्व्हर चालूच होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारं आतलं जाळं तुटलं. ते तुटल्यावर त्यांच्या डीएनएस यंत्रांनी स्वतःचा मार्ग बाहेरच्या इंटरनेटला कळवणं थांबवलं. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. पत्ता सांगणाराच सापडेना म्हटल्यावर तुमच्या फोनने विचारायचं कोणाला? ही जोडणी तुटली होती, तसंच म्हणायला हवं होतं.

१९ जुलै २०२४ तर पूर्ण वेगळं. ‘मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर डाऊन’ असं सगळीकडे चाललं होतं. प्रत्यक्षात बिघडलं होतं क्राउडस्ट्राइकचं सुरक्षा सॉफ्टवेअर, आणि तेही विंडोजच्या ज्या ज्या यंत्रावर बसवलं होतं त्या यंत्रात. २९१ क्रमांकाची एक अपडेट फाइल आली, प्रोग्रॅम तिच्यामुळे एकविसावी नोंद वाचायला गेला, पुरवलेल्या होत्या वीसच. यंत्र निळ्या पडद्यावर थांबलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने अशी ८५ लाख यंत्रं होती.

शब्द चुकला की काय बिघडतं ते इथे नीट दिसतं. सदोष फाइल कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतली. सर्व्हर डाऊन असता तर तिथेच विषय संपला असता. पण निळ्या पडद्यावर अडकलेल्या यंत्राला नवी फाइल घ्यायला चालूच होता येत नव्हतं. माणसाने यंत्रापाशी जायचं, सेफ मोडमध्ये सुरू करायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली ती फाइल काढायची, पुन्हा सुरू करायचं. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली शोधायची. हे एकेका यंत्राला. विमान कंपन्यांनी हाताने लिहून बोर्डिंग पास दिले आणि सगळं सुरळीत व्हायला दिवस गेले ते यामुळे. मथळा वाचणाऱ्याला वाटलं, अमेरिकेत कोणीतरी बटण दाबेल आणि होईल सुरू.

खडूफळा

भाषेच्या बाजूने. इंग्रजीतला ‘डाऊन’ मराठीत आधीपासून आहे: बॅटरी डाऊन, मार्केट डाऊन, तब्येत जरा डाऊन. या सगळ्यांत ‘उतरलेला, मंदावलेला’ ही छटा आहे, ‘पूर्ण बंद’ ही नाही. त्यामुळे ‘सर्व्हर थोडा डाऊन आहे, थांबा’ असं वाक्य मराठीत सहज निघतं आणि ऐकणाऱ्याला खटकत नाही. मुंबईकराला आणखी एक अर्थ माहीत असतो. लोकलचा डाऊन मार्ग म्हणजे सीएसएमटी किंवा चर्चगेटपासून बाहेर जाणारा. तिथे ‘डाऊन जलद मार्ग सुरळीत’ हे वाक्य अगदी बरोबर!

लिंगाचा प्रश्न नाही. सर्व्हर डाऊन झाला, साइट डाऊन झाली, अ‍ॅप डाऊन झालं. लक्ष द्यायचं ते ‘सर्व्हर डाऊन दाखवतंय’ या रचनेकडे. इथे कर्ताच नाही. कोण दाखवतंय? बहुतेक वेळा पडद्यावर तसं काहीच लिहिलेलं नसतं; गोल फिरत असतं किंवा दुसराच काही संदेश असतो. खिडकीमागच्या माणसाने तो न वाचता दिलेला हा अर्थ असतो, आणि खिडकीबाहेरच्या माणसाला उलट विचारायला जागाच राहत नाही. माझा आक्षेप या रचनेला आहे, ‘सर्व्हर’ या शब्दाला नाही.

शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. भार जास्त झाला तर तुंबलं. वाट नाही तर जोडणी तुटली. प्रोग्रॅम चुकला तर बिघाड. ओळख पटत नाही तर पडताळणी अडली. सांगून थांबवलं तर देखभालीसाठी बंद. काहीच चालत नसेल तर ठप्प. ‘ठप्प’ फक्त शेवटच्यासाठी राखून ठेवावा.

डीपीखालचा

खडूफळा सर, शंभर टक्के सहमत. विजेच्या बाबतीत गावातलं कोणीही नुसतं ‘लाईट डाऊन’ म्हणून गप्प बसत नाही. एक फेज गेली, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली, फिडर (गावाकडे येणारी मुख्य लाइन) ट्रिप झाला, लोडशेडिंग आहे. पाचही वेळा पंप बंदच असतो, पण प्रत्येक शब्दाबरोबर पुढचं काम ठरतं. डीओ उडाला तर वायरमनला फोन. डीपी जळाली तर अर्ज, पाठपुरावा आणि पिकाचं पाणी दुसरीकडून बघायचं. लोडशेडिंग असेल तर रात्रीची पाळी लावायची. हे शब्द कुठल्या परिभाषा कोशातून आलेले नाहीत. नुकसान टाळायचं होतं म्हणून आले.

रेशनच्या ई-पॉस मशीनचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथे होतो. अंगठा ठेवल्यावर आधारकडून नकार आला की त्याला क्रमांक असतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे कार्डधारकाने बायोमेट्रिकला कुलूप लावलेलं आहे. दोन्ही वेळा सर्व्हर धडधडीत जिवंत असतो. त्याने उत्तर दिलं म्हणून तर क्रमांक आला! ३०० आला तर मशीनची काच कोरड्या कपड्याने पुसायची, बोट धुऊन कोरडं करायचं, अंगठा सोडून मधलं किंवा अनामिका लावून बघायचं. ऊसतोड, बांधकाम, भांडी-धुणी करणाऱ्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, हिवाळ्यात कातडी फुटल्यावर आणखी पंचाईत. त्यांच्यासाठी डोळ्याचा स्कॅन किंवा ओटीपी हा मार्ग विचारायचा. ३३० असेल तर आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून कुलूप काढायचं, बोट कितीही पुसून उपयोग नाही. ‘सर्व्हर डाऊन, उद्या या’ हे ऐकून परत जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ३००च येतो.

मथळा

तुम्हा सगळ्यांचं पटतं, पण बातमीच्या टेबलावरची अडचण ऐका. दुपारी बाराला यूपीआय अडतं, बारा वाजून पाच मिनिटांनी बातमी लावायची असते. कारण तेव्हा कोणालाच माहीत नसतं. १८ नोव्हेंबरला एक्स, चॅटजीपीटी अडले ते क्लाउडफ्लेअर या साइटपुढे संरक्षण पुरवणाऱ्या कंपनीमुळे; तेव्हा तर त्यांच्या स्वतःच्या इंजिनिअरांना सुरुवातीला हल्ल्याचा संशय आला होता. मग लिहायचं काय?

नेटवर्कवाला

मथळा, कारण माहीत नसेल तर कारण लिहूच नये. ‘सर्व्हर डाऊन’ हे लक्षण वाटतं, पण ते कारणाचं विधान आहे. ‘यूपीआय व्यवहार अडले’ हे लक्षण आहे, ते बारा वाजून पाच मिनिटांनीही खरं असतं आणि संध्याकाळीही खरं राहतं. लोकल अडली की ‘मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळीत’ अशी पहिली बातमी येते, कारण कळल्यावर ‘ओव्हरहेड वायर तुटली’ किंवा ‘रुळाला तडा’. ही शिस्त मराठी बातमीदारीत जुनी आहे, तीच इथे आणा.

तुम्ही क्लाउडफ्लेअरचं नाव काढलंत म्हणून. त्या दिवशी साइटवाल्यांचे सर्व्हर ठीक होते, त्यांच्या दारावरचा पहारेकरी कोसळला होता. एका डेटाबेसच्या परवानग्या बदलल्या, त्यामुळे बॉट (माणसाऐवजी साइट उघडणारे प्रोग्रॅम) ओळखण्याच्या फाइलमध्ये दुबार नोंदी आल्या आणि ती दुप्पट झाली. प्रोग्रॅममध्ये त्या फाइलसाठी २०० वैशिष्ट्यांची (बॉट ओळखायच्या खुणांची) मर्यादा घातलेली होती, ती ओलांडल्यावर तो कोसळला. भारतीय वेळेनुसार दुपारी ४:५०च्या सुमारास सुरू झालं, रात्री आठपर्यंत बहुतेक सुरळीत. याला ‘बिघाड’ म्हणावं.

आणि १२ एप्रिल २०२५चं यूपीआय म्हणजे खडूफळांचं ‘तुंबलं’, तंतोतंत. बँकांकडून ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ अशी विचारणा प्रचंड प्रमाणात येत राहिली, जुन्या व्यवहारांचीसुद्धा, आणि नवे व्यवहार रांगेत अडकले. म्हणून तर १ ऑगस्ट २०२५पासून मर्यादा आल्या: एका अ‍ॅपमधून दिवसाला ५० वेळा शिल्लक बघता येते, अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारता येते आणि दोन विचारणांत ९० सेकंदांचं अंतर लागतं. पैसे गेले की नाही बघायला सारखं बोट आपटणं हा तुंबण्यात घातलेला हातभार आहे, कृपा करून करू नका.

शब्दखुणा

सामान्य माणसाने पडद्यावरून कसं ओळखायचं? क्रमांक दिसतात, अर्थ लागत नाही.

नेटवर्कवाला

क्रमांक दिसला तर आनंद माना, तो उपयोगाचा आहे. ५०३ म्हणजे सेवा सध्या घेता येत नाही: भार जास्त किंवा देखभाल. १५-२० मिनिटं सोडून द्या, शक्य असेल तर पहाटे किंवा रात्री उशिरा करा. ५०२ आणि ५०४ म्हणजे दारातलं यंत्र उभं आहे, आतलं नीट उत्तर देत नाही किंवा वेळेत देत नाही. ५०० म्हणजे प्रोग्रॅम चुकला. अर्धवट भरलेला अर्ज असेल तर पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि पैसे भरण्याच्या पानावर पुन्हा बटण दाबू नका, आधी खात्यातून कापले गेले का बघा. ४२९ म्हणजे तुम्हीच फार वेळा विचारलंत. ४०४ म्हणजे पान त्या पत्त्यावर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या लिंकांचं हेच होतं, मुख्य पानावरून आत जा.

क्रमांकच नाही आणि ‘साइट सापडत नाही’ असं आलं तर आधी स्वतःकडे बघायचं: वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. उघडलं तर दोष तुमच्या जोडणीचा.

राइनकाठी

जर्मनीतून सरकारी साइट उघडताना ४०३ येतो, किंवा नुसतं फिरत राहतं. इथले मराठी लोक त्यालाही सर्व्हर डाऊनच म्हणतात.

नेटवर्कवाला

ते ‘प्रवेश नाकारला’. आपल्या अनेक सरकारी साइट सुरक्षेसाठी परदेशातून येणारी जोडणी अडवतात. आठवडाभर थांबून उपयोग नाही. भारतातल्या नातेवाइकाकडून कागद काढून घेणं सरळ पडतं. मात्र ओटीपी भारतातल्या नंबरावर जातो, तो फोन चालू ठेवायला सांगा.

मथळा

ओटीपी न येणं कशात बसवायचं? लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत याच तक्रारी होत्या, १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढवावी लागली.

डीपीखालचा

त्यात दोन गोष्टी वेगळ्या करा. गर्दीच्या वेळी ओटीपी उशिरा येतो, ते तुंबणं. पण त्या अर्जात लाभार्थीबरोबर पतीचा किंवा वडिलांचाही आधार क्रमांक द्यायचा होता आणि ओटीपी त्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. जुनं सिम बंद झालेलं असेल तर तो कधीच येणार नाही. त्याला उपाय एकच, आधार केंद्रावर जाऊन नंबर अद्ययावत करणं. तो न करता रोज सेतू केंद्रात ‘सर्व्हर डाऊन’ ऐकत बसलेल्यांनी फुकट हेलपाटे घातले.

नेटवर्कवाला

तिसरीही शक्यता आहे. कंपन्यांना एसएमएसचा पाठवणारा आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. साचा जुळला नाही तर दूरसंचार कंपनी संदेश वाटेतच अडवते. ८ मार्च २०२१ला ही चाळणी लागू झाली आणि देशभर बँकांचे, लसीकरणाचे ओटीपी अडकले. दुसऱ्या दिवशी दूरसंचार नियामक ट्रायने ती सात दिवसांसाठी थांबवली. इथे पाठवणाऱ्याचा सर्व्हर चालू, तुमचा फोन चालू, मध्ये संदेश अडवलेला. ‘ओटीपी अडला’ म्हणा.

खडूफळा

पैशांच्या बाबतीत एक भर. ‘सर्व्हर डाऊन होता, पैसे येतील’ हे तोंडी उत्तर घेऊन निघू नये. यूपीआयने व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून कापले आणि समोर पोहोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार ते फार तर दुसऱ्या दिवशी आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी पाच दिवस. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रारीत ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द लिहूच नका. ‘व्यवहार अयशस्वी, रक्कम वजा, परतावा नाही’ असं लिहा आणि १२ अंकी यूटीआर (त्या व्यवहाराचा ओळख) क्रमांक, तारीख, वेळ द्या. दोष कोणाच्या यंत्रात होता हे सिद्ध करणं हे तुमचं काम नाही.