मदत हवी आहे: वडिलांना पांढरी पिशवी लावलीय, साधं सलाईन चालणार नाही का?

तासगावकर: वडील मिरजेत अ‍ॅडमिट आहेत, पोटाचं ऑपरेशन झालंय. तोंडाने पाणीसुद्धा देत नाहीत. शिरेतून अन्न देतात त्या पांढऱ्या पिशवीची चिठ्ठी रोज हातात देतात, बिल हजारांत. सलाईन चालूच आहे, तेच वाढवलं तर भागणार नाही का? उद्याची पिशवी आणायची की नाही, लवकर सांगा.

निवृत्त सिस्टर: पोटाचं म्हणजे कशाचं? सुई हाताला आहे की मानेत? वजन किती, शुगर आहे का? सलाईनचं म्हणाल तर ५ टक्केवाल्या एका लिटरमध्ये ग्लुकोज ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरीसुद्धा धड नाहीत. ६० किलोच्या माणसाला ऑपरेशननंतर रोज १५०० ते १८०० लागतात, वर ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं. सलाईनमध्ये प्रथिनं शून्य. आठ-नऊ लिटर पाणी अंगात कुठे जिरवणार?

वाळवेकर: आमच्या आईचं पित्ताशय काढलं, दुसऱ्या दिवशी पेज दिली, ठणठणीत आहे. नारळपाणी द्या चमचा-चमचा, कुणाला सांगू नका.

निवृत्त सिस्टर: वाळवेकर, कृपा करून असं काही सुचवू नका. आतड्याचा जोड कच्चा असेल तर ते नारळपाणी थेट पोटात सांडेल.

कृष्णाकाठ: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का बघा. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं.

तासगावकर: योजनेचं नंतर बघतो. लहान आतड्याला पीळ पडला होता, काळा पडलेला भाग काढून जोडलंय. आता जोड लीक आहे म्हणतात, पोटातून घाण बाहेर काढायच्या नळीतून (ड्रेन) हिरवं येतंय. पिशवीची नळी मानेत. वजन ५८. शुगर आहे.

औषधवाला: पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि चरबी असे तीन कप्पे असतात, लावण्याआधी दाबून एकत्र करतात. पांढरा रंग चरबीचा. द्रव इतका दाट की हाताची शीर सुजते, म्हणून मानेतली मोठी शीर. आणि एकदम बंद केली तर शुगर उतरू शकते. उद्याची पिशवी चुकवू नका.

कृष्णाकाठ: त्यात अंडं असतं म्हणे?

औषधवाला: बलकातलं लेसिथिन असतं, चरबी मिसळून राहावी म्हणून. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगाच.

वाळवेकर: आणि माणूस माळकरी असला तर?

तासगावकर: माळ आहे. आधी बरे होऊ देत, पांडुरंग समजून घेईल. अ‍ॅलर्जी नाही. पण काल पिशवी बदलल्यावर थंडी भरली, दोन ब्लँकेटं घालूनही दात वाजत होते. ऑपरेशनमुळेच ना?

निवृत्त सिस्टर: हे आधी सांगायचं होतं! धागा सोडा, ड्युटीवरच्या सिस्टरला आत्ता सांगा. मानेतल्या नळीला इन्फेक्शन झालं असू शकतं. पिशवीला तुम्ही हात लावू नका.

तासगावकर: डॉक्टर येऊन गेले. नळीतून आणि हातातून, दोन्हीकडचं रक्त जंतू तपासायला, कल्चरला पाठवलं. शुगर २८० निघाली, इन्सुलिन चालू केलं. पिशवी आणायला निघालोय.

निवृत्त सिस्टर: फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलंय का तेही विचारा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला अन्न सुरू झालं की हे तिन्ही झपाट्याने उतरतात. उद्या तापाचं कळवा.