चार कपाटं एकदम उघडावीत का? (इतिहास, राजकारण, तत्त्वज्ञान, गुन्हा)

गंगावाडी_वाचक

वाचनालयात नाव घातलेला माणूस सहसा एकाच कपाटापाशी अडकतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांचा नाद लागला की वर्षानुवर्षं तेच. रहस्यकथावाला तर शेजारच्या ओळीकडे मान वळवूनही बघत नाही. माझं मत मांडतो, खोडून काढा: इतिहास, राजकारण, तत्त्वज्ञान आणि गुन्हा हे चार विषय सुटे वाचून नीट कळत नाहीत. म्हणून सगळं थोडंथोडं चाखत फिरा असं मात्र नाही. एक घटना धरायची आणि चारही बाजूंनी तिच्यावर चालून जायचं.

नाशिककरांना उदाहरणासाठी लांब जायला नको. 21 डिसेंबर 1909, विजयानंद थिएटर, किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा'चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने झाडलेल्या गोळ्या. शाळेत हे दोन ओळींत उरकतं. आता कपाटं उघडा. गुन्ह्याच्या बाजूने पाहिलं तर कान्हेरे जागीच पकडला गेला. खून कोणी केला हा प्रश्नच नाही, प्रश्न कटाचा: ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून इथवर आलं कसं, कोणाला काय माहीत होतं. इतिहास सांगतो की त्याच वर्षी जूनमध्ये बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळं पाणी झालं होतं, आणि कान्हेरे शिकत होता औरंगाबादेत, म्हणजे निजामाच्या मुलखात. राजकारण म्हणाल तर मोर्ले-मिंटो सुधारणांचा कायदा 1909 चाच, आणि कटाचा खटला ज्या विशेष न्यायपीठापुढे चालला (तीन न्यायाधीश, ज्यूरी नाही) ती सोय 1908 च्या कायद्याने करून ठेवलेली. हेच प्रकरण विनायक सावरकरांच्या मार्सेयच्या उडीमुळे 1911 मध्ये हेगच्या लवादापर्यंत गेलं.

तत्त्वज्ञानाची बाजू सगळ्यात अवघड. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. माणूस म्हणून बरा असलेला अधिकारी राजवटीचा प्रतिनिधी म्हणून मारणं समर्थनीय आहे का? कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्याला फाशी झाली, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात टिळक 'गीतारहस्य' लिहीत होते. कर्म, हिंसा, फलाशा. हे दोन धागे शेजारी ठेवून वाचले की अंगावर येतात.

माझी पद्धत आठ आठवड्यांची. पहिला आठवडा फक्त घटनाक्रम, एका पानावर तारखा. पुढचे तीन इतिहास आणि चरित्रं, दोन खटला आणि कायदा, एक तत्त्वज्ञान, शेवटचा विरोधी बाजूच्या पुस्तकाला. दर पुस्तकाला एक कार्ड: लेखक कोण, कधी लिहिलं, कोणाची कागदपत्रं वापरली, कोणती वापरली नाहीत.

तांबट_आळी

असहमत, आणि ठामपणे.

आठ आठवड्यांत चार विषय म्हणजे चारही विषयांतलं अर्धवट ज्ञान, आणि ते सगळ्यात जास्त बोलतं. इतिहासाचंच घ्या. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य 3, शके 1551. शकात 78 मिळवा हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे 1629 येतं आणि लगेच वाद सुरू. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तो पुढच्या इसवी सनात पडतो. तिथे 79 मिळवायचे, मग 1630. पुढची गंमत अशी की 19 फेब्रुवारी 1630 ही ज्युलियन तारीख आहे, ग्रेगरियन पद्धतीने ती 1 मार्च येते. इंग्रजांच्या कागदांत आणखी एक खड्डा: 1752 पर्यंत त्यांचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी 1664 ची, पण त्या हिशेबाने लिहिलेल्या इंग्रजी पत्रावर वर्ष 1663 दिसणार. चार कपाटं पळत पळत वाचणारा हे बघतो आणि 'इतिहासकार खोटं लिहितात' अशी पोस्ट टाकून मोकळा होतो.

इतिहास वाचायचा तर वर्षभर एकच कालखंड घ्या. वि. का. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मूळ कागदपत्रांच्या संग्रहाचे 22 खंड आहेत. सगळे नकोत, त्यातला एक घेऊन प्रस्तावना आणि पन्नास पत्रं वाचा. मोडी शिका. मुळाक्षरं काही आठवड्यांत येतात, पण शब्द न तोडता सलग लिहिलेलं पेशवेकालीन पत्र वाचायला कित्येक महिने जातात, आणि शिवकालीन वळण पुन्हा वेगळं. तो त्रास काढलेल्या माणसाला छापील पुस्तकातला 'अस्सल पत्रानुसार' हा शब्द किती वजनाचा आहे ते कळतं.

सिडको_दुसरीपाळी

तांबट आळी, हे पीएचडीवाल्यांसाठी ठीक. कंपनीतून सुटून रात्री पाऊण तास मिळणाऱ्याने मोडीत पत्रं वाचायची का?

तांबट_आळी

पाऊण तासात छापील पत्रं होतात की. पाऊण तासात चार विषय होत नाहीत, एवढंच म्हणणं आहे.

वकीलवाडी

धागाकर्त्याच्या गुन्ह्याच्या कपाटाबद्दल बोलतो, कारण तिथेच जास्त घोळ होतो. त्या कपाटात बहुतेक वाचनालयांत दोन गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात: रहस्यकथा आणि सत्यकथा. दोन्ही बाजूला ठेवा आणि निकालपत्रं वाचा. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळांवर फुकट मिळतात.

कादंबरीत संशयित फौजदारापुढे कबुली देतो आणि प्रकरण मिटतं. प्रत्यक्षात पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमात ते कलम 23 मध्ये आलंय. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्यातला तेवढाच भाग घेता येतो. हा एक नियम माहीत असला की अर्ध्या रहस्यकथा शेवटच्या प्रकरणात कोसळतात.

नानावटी प्रकरण घ्या, म्हणजे नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या ते. लोकांच्या डोक्यात गोष्ट अशी: ज्यूरीने सोडलं, म्हणून देशातली ज्यूरी पद्धत गेली. निकाल आणि विधी आयोग दोन्ही वाचले तर चित्र बदलतं. ज्यूरीने 1959 मध्ये 8 विरुद्ध 1 ने निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशाने असहमत होऊन प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती 24 नोव्हेंबर 1961 ला कायम केली. पण ज्यूरी बंद करा अशी शिफारस विधी आयोगाच्या 14 व्या अहवालात 1958 मध्येच आलेली होती. गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधी! सत्यकथेच्या पुस्तकात हे असेलच असं नाही.

निकाल वाचताना सुरुवातीचा गोषवारा टाळा, तो न्यायाधीशाने लिहिलेला नसतो. आधी आरोप कोणत्या कलमाखाली आहे ते बघा, मग कोणत्या गोष्टी दोन्ही बाजूंना मान्य आहेत ते, आणि मग प्रत्येक साक्षीदारावर न्यायालयाने विश्वास का ठेवला किंवा का नाही. शेवटचा परिच्छेद आधी वाचू नये. वाचलात तर पुढचं सगळं त्याला पटवून घेत वाचाल.

जॅक्सन प्रकरणातही नुसतं चरित्र पुरत नाही. कटाच्या खटल्यात माफीचे साक्षीदार होते. जुन्या कायद्यात कलम 133 म्हणत होतं की साथीदाराच्या एकट्या साक्षीवर शिक्षा बेकायदा नाही, आणि 114 चं उदाहरण म्हणत होतं की त्याच्यावर पुष्टीशिवाय विश्वास ठेवू नये. ही ओढाताण समजल्याशिवाय 'फितुरी' हा शब्द वापरून आपण फक्त राग काढतो.

काळा_पहाड_फॅन

वकीलसाहेब, निकालपत्रं वाचून कोणी रात्र जागवली आहे का? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि गिरणी कामगारापासून मास्तरापर्यंत सगळ्यांना वाचायला लावलं. आणि रहस्यकथा शिकवत नाही हे मान्य नाही. ती शंका घ्यायला शिकवते. निवेदक खोटं बोलत असेल हा संशय ज्याला एकदा लागला, तो पुढाऱ्याचं आत्मचरित्र वेगळ्या नजरेने वाचतो.

तुमची तपासणी मात्र रहस्यकथेला लावाच, मजा वाढते. प्रेताचं काठिण्य जबड्यापासून सुरू होऊन बारा तासांच्या आसपास अंगभर पसरतं, असा ठोकताळा इंग्रजी कादंबऱ्यांतून जसाच्या तसा उचललेला असतो. तो थंड हवेतला. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात ते लवकर येतं आणि लवकर ओसरतंही. विलायती तास मालेगावच्या मे महिन्यात लावणारा लेखक पकडला गेला म्हणून समजा.

रामकुंड_पूर्व

रहस्यकथा शंका शिकवते, पण कोणावर? जुन्या मराठी पोलीसकथा आणि अधिकाऱ्यांच्या आठवणी काढून बघा, ठरावीक जमातींची नावं आली की तपास संपलेला असतो. ही सवय 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आहे. जन्मावरून गुन्हेगार, ठाण्यावर हजेरी, गाव सोडायला परवानगी. तो रद्द झाला 1952 मध्ये, पण कथांमधून त्यानंतरही गेला नाही. इतिहासाचं कपाट न उघडता गुन्ह्याचं उघडलं तर हे विष करमणूक म्हणून पोटात जातं. या मुद्द्यावर मी धागाकर्त्याच्या बाजूने.

त्याच्या उदाहरणाशी मात्र मतभेद आहे. नाशिक म्हटलं की जॅक्सन, हे फार सोयीचं. 2 मार्च 1930 घ्या, काळाराम मंदिर सत्याग्रह. दांडीयात्रा निघाली 12 मार्चला, म्हणजे दहा दिवसांनी. राष्ट्रीय चळवळीच्या बहुतेक पुस्तकांत दुसरी तारीख ठळक, पहिली तळटीपेत. धर्मसुधारणेवरची पुस्तकं वाचली तर वाटतं की मागणी दर्शनाची होती. पण बाबासाहेबांचं 3 मार्च 1934 चं दादासाहेब गायकवाडांना लिहिलेलं पत्र वाचा. त्यात स्पष्ट आहे की मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हता, आपल्या स्थितीची जाणीव करून देऊन लोकांना उठवण्याचा तो मार्ग होता, आणि आता ताकद राजकारण व शिक्षणाकडे वळवावी. पुढच्या वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्याची हिंदू धर्म सोडण्याची घोषणा. हे पत्र न वाचता येवला अचानक आल्यासारखा वाटतो.

पाठीमागचं नाशिक बघायचं तर 1883 चं जिल्हा गॅझेटियर आहे, सरकारी संकेतस्थळावर फुकट. वाचताना एवढं ध्यानात ठेवा की जातींची वर्णनं साहेबाने, त्याच्या माहितगारांच्या तोंडून लिहिली आहेत. आकडे आणि रस्ते घ्या, स्वभाववर्णनं घेऊ नका.

उपनगर_२२

तत्त्वज्ञानाला एक आठवडा! धागाकर्त्याने ते ताटात तोंडी लावण्यापुरतं वाढलंय.

साधा हिशेब: कादंबरीची तासाला तीस पानं होत असतील तर तत्त्वज्ञानाच्या मूळ ग्रंथाची पाच-सहा होतात, आणि ती पुन्हा वाचावी लागतात. म्हणून अख्खा ग्रंथ घेऊच नका. आधी मराठी विश्वकोशातली नोंद (संकेतस्थळावर आहे), मग मूळ ग्रंथातलं एक प्रकरण, दोनदा. दुसऱ्या वाचनानंतर पुस्तक मिटून तीन वाक्यं लिहायची: दावा काय, कारण काय, न सांगता काय गृहीत धरलंय. तिसरं वाक्य लिहिता आलं नाही तर प्रकरण कळलेलं नाही. सुविचारांचे संग्रह आणि 'शंभर पानांत सगळे तत्त्वज्ञ' छापाची पुस्तकं इथेच घात करतात, कारण ती फक्त दावे देतात.

इतिहास लागतो, हे कबूल. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचा 'लेव्हायथन' हा ग्रंथ 1651 चा, त्याच्या दोनच वर्षं आधी इंग्लंडात राजाचं डोकं उडवलेलं. हे माहीत नसेल तर त्याची सुव्यवस्थेची भूक निव्वळ हुकूमशाहीची आवड वाटते. आणि वकीलवाडी, तुमच्या कपाटात इटालियन विचारवंत बेक्कारियाचा गुन्हे आणि शिक्षांवरचा ग्रंथही ठेवा, 1764 चा, छोटासा आहे. शिक्षा किती कठोर यापेक्षा ती किती खात्रीने होणार यावर गुन्हा अडतो, हा त्याचा युक्तिवाद. दर मोठ्या गुन्ह्यानंतर 'भर चौकात फाशी द्या' म्हणणाऱ्यांना अडीचशे वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर आहे ते.

पण घटनेच्या खुंटीला तत्त्वज्ञान टांगू नका. जॅक्सनचा खून समर्थनीय का, हे विचारून 'गीतारहस्य' उघडलं तर तुम्ही त्यात फक्त होय किंवा नाही शोधाल. टिळकांचा मुख्य वाद संन्यासमार्गाशी आहे, तो नजरेतून सुटेल.

गंगावाडी_वाचक

उपनगर यांचा शेवटचा मुद्दा लागला. तत्त्वज्ञानाला तीन आठवडे देतो आणि ते घटनेच्या आधी ठेवतो, म्हणजे उत्तर शोधत वाचलं जाणार नाही. तांबट आळींचं मात्र पटत नाही. वर्षभर एकच कालखंड वाचणारा त्या कालखंडाचा वकील होतो. पेशवाई वाचणाऱ्याला पेशवे चुकलेले चालत नाहीत, हे व्याख्यानमालेत प्रश्नोत्तरांना बसलं की दिसतं.

तांबट_आळी

वकील होतात ते कादंबऱ्या आणि गौरवग्रंथ वाचणारे. मूळ पत्रं वाचणाऱ्याला पेशव्याचं कर्ज, सरदारांची थकलेली पागा आणि घरातली भांडणं इतकी दिसतात की भक्ती टिकत नाही.

तुमच्या जॅक्सनलाही हेच लावा. रौलट समितीचा 1918 चा अहवाल बरेच जण साधन म्हणून वापरतात, त्यात नाशिकचं प्रकरण आहे. पण ती समिती नवे कडक कायदे सुचवायला नेमलेली होती, तिला कट मोठा आणि एकसंध दिसणं सोयीचं होतं. उलट 1947 नंतरच्या चरित्रांनाही कट मोठा आणि एकसंध दिसणं सोयीचं, कारण वेगळं. दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर सहमत आहेत म्हणून ती खरी ठरत नाही. हे ओळखायला आठ आठवडे पुरत असतील तर दाखवा.

सिडको_दुसरीपाळी

दाखवतील तेव्हा दाखवतील. अडचण वेगळीच आहे: बहुतेक वाचनालयांत एका नावावर एका वेळी एक-दोन पुस्तकं मिळतात, आणि गॅझेटियर, खंड, कोश हे संदर्भ विभागात, घरी नेता येत नाहीत. चार कपाटं एकदम कशी उघडायची?

रामकुंड_पूर्व

घरी न्यायचं ते कथनपर पुस्तक, एकच. गॅझेटियर आणि विश्वकोश मोबाइलवर. साहित्य संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. खंडांसाठी सुट्टीच्या दिवशी सकाळी संदर्भ विभागात दोन तास बसायचं, पण जाण्याआधी घरच्या पुस्तकातल्या तळटीपांवरून खंड आणि लेखांक लिहून न्यायचा. नुसतं 'राजवाडे द्या' म्हटलं तर ग्रंथपाल 22 खंडांकडे बोट दाखवतील आणि दोन तास अनुक्रमणिकेतच जातील.