अनुभव धागा: स्त्रियांचा प्रार्थनागट कसा चालवता?

चर्चच्या मंडळीतल्या स्त्रियांचा छोटा प्रार्थनागट चालवणाऱ्या भगिनींनो, काय करता आणि कुठे बिघडतं ते नेमकं लिहा.

*

सहा ते आठ जणी पुरेत. दहाच्या वर गेलं की दोघीतिघी गप्पच बसतात. वेळ 75 मिनिटं: एक गीत, 20 मिनिटं शास्त्रवाचन (बायबलचं), उरलेल्या वेळात बोलणं आणि प्रार्थना. घोटाळा होतो तो इथेच. प्रार्थनेच्या विनंत्या सांगण्यात पाऊण तास जातो आणि प्रार्थना दोन मिनिटांत उरकते. म्हणून सगळ्या विनंत्या आधी गोळा करू नका. एकीने दोन वाक्यांत सांगायचं, लगेच तिच्यासाठी प्रार्थना, मग पुढची. वहीत तारखेसह विनंती लिहा आणि समोर उत्तरासाठी जागा कोरी सोडा.

*

वाचनासाठी बायबलमधलं रूथचं पुस्तक घ्या. चार अध्याय, चार आठवडे. नव्या गटाची सुरुवात नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 31 व्या अध्यायाने, म्हणजे 'सद्गुणी स्त्री'च्या वर्णनाने, मात्र नको. थकलेल्या बाईला ती कामांची यादी वाटते आणि ती आणखी खचते. खरं तर त्यातल्या 10 ते 31 या 22 ओव्या (वचनं) म्हणजे हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेलं स्तुतिकाव्य आहे. तिथल्या 'सद्गुणी स्त्री'साठी मूळ हिब्रूत जे शब्द आहेत, तेच रूथ 3:11 मध्ये रूथसाठी आलेत. ती तर तेव्हा विधवा, परकी, शेतात सरवा वेचणारी! आधी रूथ वाचली की 31 वा अध्याय जड वाटत नाही.

*

शोकात असलेल्या बहिणीकडे गेल्यावर पहिल्याच भेटीत रोमकरांस 8:28 ('देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात') ऐकवू नका. वचन खरंच आहे, पण त्या घडीला तिला 'रडू नकोस' एवढंच ऐकू येतं. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री नुसते बसून राहिले; बिघडलं ते बोलायला लागल्यावर. वाचायचंच असेल तर स्तोत्र 88 वाचा. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. 'काही लागलं तर सांग' म्हटलं तर कुणी सांगत नाही. 'मंगळवारी दुपारी येते, मुलांना बघते' असं म्हणा. तिसरा महिना, सहावा महिना आणि वर्षदिवस आधीच वहीत मांडून ठेवा. तोवर बाकीच्यांचे फोन थांबलेले असतात.

*

पहिल्या ताईंच्या विनंत्यांच्या वहीबद्दल एक सूचना: ती एकीकडेच राहू द्या, तिचे फोटो फोनवरच्या गटात नकोत. 'अमकीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी फार भांडणं आहेत' ही विनंती नव्हे, चहाडी. दुसरीची गोष्ट तिला विचारूनच मांडावी.

कुणी घरी मार खात असेल तर 'सहन कर, प्रार्थना कर' हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. आधी तिची सुरक्षितता. नवऱ्याला समोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. घरी गेल्यावर तिलाच भोगावं लागतं. तिला एकटीला विचारा, तिच्या संमतीनेच पुढचं पाऊल उचला. मदतीचे नंबर आधीच हाताशी ठेवा. जीव धोक्यात असेल तर थांबू नका.

*

दोन सभा चुकल्या की एकीने फोन करावा. कोणी करायचा ते आधी ठरलेलं हवं, नाहीतर कोणीच करत नाही. 'का आली नाहीस' असं विचारू नये. काय वाचलं ते सांगावं.

आणि मार्चचा पहिला शुक्रवार, जागतिक प्रार्थना दिन, सोडू नका. दरवर्षी वेगळ्या देशातल्या स्त्रिया त्या दिवसाचा उपासनाक्रम लिहितात. महिनाभर आधी प्रत मिळवून वाचनं वाटून द्या, कधीच न बोलणारीला सगळ्यात छोटं.