मदत हवी आहे: सिव्ह ६ (सिव्हिलायझेशन, देश घडवण्याचा व्हिडिओ गेम) मध्ये तिघांना सारखी सुरुवात कशी द्यायची?

निळावंती: लवकर सांगा प्लीज, रविवारी पुन्हा बसायचंय. तिघं भावंडं खेळतो. दर वेळी एकाला नदी, डोंगर, गहू सगळं, आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसता बर्फ. मागच्या वेळी धाकटी अर्ध्यावर उठून गेली. सेटिंग कुठलं बदलायचं तेवढं सांगा. ‘नशीब असतं’ हे उत्तर नको.

पटवेडा: नकाशा कुठला? देश कोण कुठला घेतं? ऑनलाइन की एकाच मशीनवर? काहीच लिहिलं नाहीये.

गनिमी: बीबीएस (बेटर बॅलन्स्ड स्टार्ट्स) मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेली जोडणी टाका, विषय संपला. ऑनलाइन स्पर्धावाले तेच वापरतात.

निळावंती: मॉड कुठून टाकू, आयपॅडवर खेळतो. हॉटसीट (एकाच मशीनवर आळीपाळीने), नकाशा पॅन्जिया (एकच मोठा खंड), देश रँडम (गेमच ठरवतो). धाकटीला रशिया आला होता.

पटवेडा: मग बर्फ येणारच! रशियाचा स्टार्ट बायसच (गेम शक्यतो कुठल्या जमिनीवर सुरुवात देतो ते) टुंड्राचा, म्हणजे थंड बर्फाळ जमिनीचा आहे. टुंड्राच्या प्रत्येक टाइलवर (नकाशाच्या षट्कोनी तुकड्यावर) त्याला १ फेथ (श्रद्धा), १ प्रॉडक्शन (उत्पादन) जास्त मिळतं, शहर वसवताना जमीनही जास्त. रँडम बंद करा. आणि ॲडव्हान्स्ड सेटअपमध्ये स्टार्ट पोझिशन ‘बॅलन्स्ड’ करा.

निळावंती: बॅलन्स्डच आहे. टुंड्रा चालेल हो, पण जवळपास पाणी तरी नको का?

पटवेडा: पाण्याचं खरंय. गोड्या पाण्याकाठी हाउसिंग (शहरात किती वस्ती मावते ते) ५, समुद्रकाठी ३, कोरड्या जागी २. कोरडं शहर लवकर खुंटतं. एकदोन चाली गेल्या तरी चालतील, सेटलर (शहर वसवणारा) नदीपर्यंत न्यायचा.

काळा_दगड: गो (काळ्या-पांढऱ्या दगडांचा पटावरचा खेळ) खेळणाऱ्यांनी यावर कधीच तोडगा काढलाय. काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला कोमी, म्हणजे भरपाईचे गुण: जपानमध्ये ६.५, चीनमध्ये ७.५ गुण. तुम्हीही वाईट जागेला गुण द्या.

गनिमी: गोचा पट दोघांना एकच असतो, फरक फक्त पहिल्या खेळीचा. इथे जमीनच वेगळी. तिची किंमत ठरवणार कोण?

काळा_दगड: खेळणारेच. लिलाव करायचा. पहिल्या चालीला तिघांनी तिन्ही जागा बघायच्या, मग देशासकट खुर्चीवर, म्हणजे त्या जागेवर बोली. बोली चालींची: मी ही जागा घेतो, पण ३ चाली शहर वसवणार नाही. ज्याची बोली मोठी, त्याची खुर्ची. मॉड नको, काही नको.

गनिमी: सगळ्यांच्या जागा आधीच बघितल्या तर शोधायला काय उरलं? स्काउट (टेहळ्या) मग कशाला पाठवायचा?

काळा_दगड: आजूबाजूच्या चार टाइल दिसल्या म्हणून अख्खा नकाशा उघडा पडत नाही.

माळावरची: आयपॅड कुठलं मॉडेल? माझा सिव्ह सुरू केला की तापतो आणि पुढे पुढे प्रत्येक चाल रखडते. कोणाला उपाय माहीत आहे का?

सोंगटी: त्यापेक्षा कटान (पटावरचा खेळ) खेळा. पहिलं घर १-२-३-४ अशा क्रमाने, दुसरं ४-३-२-१. शेवटच्याला सलग दोन घरं मिळतात, तक्रारच नाही.

निळावंती: कटान आहे घरी, ते नाही विचारलं. लिलाव पटतोय. पण दोघांची बोली सारखी आली तर? आणि रँडम बंद करायचं की नाही?

पटवेडा: बंदच करा, मी पुन्हा सांगतो.

काळा_दगड: रँडम अजिबात बंद करू नका. ज्याने त्याने हौसेने देश निवडला तर खुर्ची कोण सोडेल? बोली सारखी आली तर मागच्या डावात हरलेल्याला आधी निवडू द्या. म्हणजे या रविवारी धाकटीला.